गौण तपशिलांचे साहित्य : परवाना, तपासणी नाका आणि पॅलेस्टिनी गद्य

प्रास्ताविक

पॅलेस्टिनी साहित्याची ओळख महाविद्यालयीन वर्गात बहुधा 'प्रतिकाराचे साहित्य' या एका संज्ञेच्या आधारे करून दिली जाते. ही संज्ञा बाहेरून लादलेली नाही. घस्सान कनफानी (१९३६-१९७२) यांनीच १९६६ सालच्या आपल्या समीक्षाग्रंथात ती रूढ केली. तथापि प्रतिकाराचा शोध घेत वाचणाऱ्याला दगड, बंदूक, ध्वज आणि हुतात्मा लवकर सापडतात. अर्जाचा नमुना, ओळखपत्राचे वेष्टन, शिक्का, रांग आणि खिडकीमागचा कारकून या गोष्टी मात्र त्याच्या नजरेतून निसटतात. वास्तविक गेल्या साठ वर्षांतील अनेक महत्त्वाच्या पॅलेस्टिनी गद्यकृतींचा डोलारा या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंवर उभा आहे.

प्रस्तुत लेखात कनफानी, मुरीद बरघूती, सुआद अमीरी आणि अदानिया शिब्ली या चार लेखकांच्या निवडक कृतींचा या दृष्टीने विचार केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : परवाना हा या कृतींचा केवळ विषय नाही. घटनाक्रम, काळ आणि शेवट ठरविण्याचा जो अधिकार कथनात एरवी लेखकाकडे व पात्रांकडे असतो, तो येथे कचेरीकडे आणि नाक्याकडे गेलेला आहे. ही वस्तुस्थिती प्रत्येक लेखकाने रूपबंधाच्या पातळीवर कशी हाताळली, यावर त्या कृतीचे वाङ्मयीन मूल्य बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

येथे एक आक्षेप संभवतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेला हल्ला, त्यात झालेल्या सुमारे बाराशे हत्या आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये गेलेले हजारो बळी यांच्या पार्श्वभूमीवर परवान्याच्या कागदाची चर्चा क्षुल्लक वाटू शकेल. परंतु मोठ्या संहारापुढे दैनंदिन जाच गौण ठरवणे, ही वाचनाची जी सवय आहे, तिलाच शिब्ली यांच्या कादंबरीने शीर्षकापासून आव्हान दिले आहे. त्या आव्हानाचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

परवाना-व्यवस्थेची पार्श्वभूमी

१९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. १९७२ पासून तेथील रहिवाशांना सरसकट परवानगीच्या आधारे इस्रायलमध्ये ये-जा करता येत असे. १९९१ साली, पहिल्या इंतिफादाच्या अखेरच्या टप्प्यात, ही सरसकट परवानगी रद्द होऊन प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र परवाना आवश्यक झाला, आणि मार्च १९९३ मध्ये सर्वंकष बंदी लागू झाली. ओस्लो कराराने परिस्थिती सुलभ होण्याऐवजी अधिक गुंतागुंतीची झाली. १९९५ च्या दुसऱ्या करारानुसार पश्चिम किनाऱ्याचे अ, ब आणि क असे विभाग पडले. त्यांपैकी सुमारे साठ टक्के भूभागाचा 'क' विभाग पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. परवान्याचा अर्ज पॅलेस्टिनी कार्यालयाने स्वीकारावा आणि निर्णय इस्रायली लष्करी प्रशासनाने द्यावा, अशी दुपदरी रचना निर्माण झाली. २००२ पासून विभाजक भिंतीचे बांधकाम सुरू झाले. तिच्या नियोजित मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर नसून पश्चिम किनाऱ्याच्या आत आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी आपल्या सल्लागार मतात या भिंतीचे व्याप्त प्रदेशातील बांधकाम बेकायदेशीर ठरवले. १९ जुलै २०२४ च्या मतात तर व्याप्त प्रदेशातील इस्रायलची उपस्थितीच बेकायदेशीर असल्याचे म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने २०२५ च्या आरंभी केलेल्या पाहणीत पश्चिम किनाऱ्यावर नाके, लोखंडी फाटके, मातीचे ढिगारे इत्यादी मिळून ८४९ अडथळे मोजले.

या व्यवस्थेत माणसाचे स्थान कागदाच्या रंगावरून ठरते. पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशाचे ओळखपत्र निळ्या वेष्टनातले, पश्चिम किनाऱ्याच्या रहिवाशाचे हिरव्या. मोटारीची पाटी पिवळी असेल तर जे रस्ते खुले होतात, त्यांतले काही पांढऱ्या-हिरव्या पाटीला बंद असतात. या व्यवस्थेने भाषेतही शिरकाव केला आहे. नाक्यासाठीचा 'महसोम' हा हिब्रू शब्द पॅलेस्टिनी बोलीत इतका रुळला की त्याचे अरबी धर्तीचे अनेकवचनही तयार झाले. आणि 'हुविय्या' हा शब्द अस्मिता आणि ओळखपत्र या दोन्ही अर्थांनी चालतो. महमूद दरवीश यांच्या १९६४ मधील प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. अस्मिता आणि तिचा छापील पुरावा यांत भेद न करणारा हा शब्द पुढील विवेचनात लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

कनफानी : कारकुनाची थट्टा आणि तीन मृत्यू

परवान्याच्या साहित्याचा आरंभ १९९१ नंतर किंवा १९६७ नंतर होतो, असे मानणे बरोबर नाही. कनफानी यांची 'उन्हातली माणसे' ही लघुकादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. अधिकृत कागदपत्रे नसल्यामुळे बैरूतमध्ये घराबाहेर पडणे धोक्याचे होते, त्या काळात लेखकाने ती लिहिली. तीन पिढ्यांतील तीन निर्वासित पुरुष बसऱ्याहून कुवेतला कामाच्या शोधात निघतात. त्यांच्याजवळ प्रवेशपत्र नाही. पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून दोन सीमा-चौक्या ओलांडायच्या असतात. पहिली चौकी पार होते. दुसऱ्या चौकीवर कारकून ड्रायव्हरच्या कागदावर सही करण्यापूर्वी बसऱ्यातील एका नर्तकीवरून त्याची थट्टा करत बसतो. ऑगस्टच्या उन्हात तेवढ्या अवधीत टाकीतली तिन्ही माणसे गुदमरून मरतात.

या कथेतील ज्या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा झाली, तो ड्रायव्हरला शेवटी पडतो : या माणसांनी टाकीच्या भिंतींवर ठोके का दिले नाहीत? समीक्षकांनी त्याचा अर्थ 'पॅलेस्टिनींनी मौन सोडावे' असा लावला, आणि प्रतिकाराच्या संज्ञेला तो सोयीचाही आहे. तथापि कथेची रचना पाहिली तर मृत्यूचे तात्कालिक कारण मौन हे नाही. एका सहीला लागलेला वेळ हे आहे. कारकून क्रूर नाही, शत्रूही नाही. तो अरबी बोलणारा, गप्पिष्ट, वातानुकूलित खोलीत कंटाळलेला माणूस आहे. संपूर्ण कृतीच्या निर्णायक प्रसंगात एकही इस्रायली व्यक्ती उपस्थित नाही. कागद नसलेल्या माणसाचा जीव कागद असलेल्यांच्या विरंगुळ्यावर अवलंबून असतो, हे कनफानी यांचे निरीक्षण पुढील सर्व लेखनाचे बीज ठरले आहे. कथनकालाचा उपयोगही येथे पाहण्यासारखा आहे. ड्रायव्हर मिनिटे मोजतो आणि वाचकालाही मोजायला लावतो. उशीर म्हणजे काय, हे वाचक माहितीच्या रूपाने समजून घेत नाही, तो उशीर त्याला पृष्ठागणिक सोसावा लागतो.

बरघूती : पुलावरची प्रतीक्षा

मुरीद बरघूती (१९४४-२०२१) १९६७ च्या युद्धाच्या वेळी कैरोत विद्यार्थी होते. त्यामुळे त्यांचा परतीचा मार्ग बंद झाला. १९७७ साली इजिप्तनेही त्यांना हद्दपार केले आणि पत्नी व मुलगा कैरोत, स्वतः बुडापेस्टमध्ये, असे संसाराचे विभाजन झाले. ओस्लोनंतर, १९९६ च्या उन्हाळ्यात, तीस वर्षांनी ते जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून गावी गेले. १९९७ साली अरबीत प्रसिद्ध झालेले 'मी रामल्ला पाहिले' हे त्या प्रवासाचे आत्मपर कथन. अहदाफ सुएफ यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

या पुस्तकाचा प्रारंभ पुलावर होतो, आणि काही पावलांच्या त्या लाकडी पुलाला पुस्तकात असाधारण विस्तार मिळतो. परवानगी हाती असूनही वाट पाहावी लागते. त्या रिकाम्या वेळात मृत आप्त, परदेशी राहिलेले भाऊ, दूरध्वनीवरून कळलेल्या वार्ता, हे सारे एकामागून एक मनात उपस्थित होतात. प्रवासवर्णनात प्रवास घडण्याऐवजी प्रतीक्षा घडते. बरघूतींच्या गद्याला जी चिंतनशीलता लाभली, तिचे श्रेय त्यांच्या कवित्वाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ही चिंतनशीलता ज्या फटींतून उगवते, त्या फटी कचेरीने पाडलेल्या आहेत, हेही नमूद करावयास हवे. पुलाचे प्रतीक करण्याचा मोह लेखक टाळतात. पूल लहान आहे, जुना आहे, त्याच्या फळ्या वाजतात. त्याच्यावर बंदूक घेतलेला एक तरुण सैनिक आहे. पुढे मुलाला गावी नेण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे ज्याला स्वतःच्या गावी पाहुणा म्हणून प्रवेश मिळतो, त्याला आपल्या मुलाला तो वारसा देण्यासाठीही परवाना हवा. २००९ साली अरबीत आलेल्या उत्तरग्रंथाचा विषय मुख्यतः हाच आहे.

अमीरी : विनोदाचे सामर्थ्य आणि मर्यादा

सुआद अमीरी या व्यवसायाने वास्तुविशारद. रामल्लातील जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९९१ साली स्थापन झालेल्या 'रिवाक' या संस्थेच्या त्या संस्थापक. 'शॅरन अँड माय मदर-इन-लॉ' या त्यांच्या पुस्तकाचा गाभा म्हणजे २००१-०२ मधील संचारबंदीच्या काळात मित्रांना पाठवलेले ई-मेल. यासिर अराफात यांच्या वेढलेल्या मुख्यालयाजवळ राहणाऱ्या वृद्ध सासूबाईंना त्यांनी आपल्या घरी आणले. बाहेर रणगाडे उभे असताना सासूबाईंचा आग्रह जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि घरची शिस्त पाळली जावी, एवढाच असतो. शीर्षकातील दोन व्यक्तींपैकी अधिक जाच कोणाचा, हा प्रश्न पुस्तक गंभीरपणे उघडे ठेवते.

या पुस्तकातील सर्वपरिचित प्रसंग कुत्रीचा आहे. लेखिकेची कुत्री नूरा हिला जेरुसलेममधील इस्रायली पशुवैद्याकडे लस दिल्यानंतर जेरुसलेमचा प्राण्यांचा पासपोर्ट सहजगत्या मिळतो. लेखिकेला स्वतःला जेरुसलेममध्ये जाण्याचा परवाना मिळत नाही. नाक्यावर ती कुत्रीचा पासपोर्ट पुढे करते आणि आपण तिच्या केवळ ड्रायव्हर आहोत, असे सांगून पार होते. विनोद येथे अतिशयोक्तीतून निर्माण होत नाही. नियम शब्दशः पाळला की तो हास्यास्पद ठरतो, एवढेच लेखिका दाखवते. नाक्यावरील सत्तेला त्वेषाची सवय असते. तिच्याच तर्कशास्त्राने तिला उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे काय करावे, हे तिला कळत नाही.

मात्र या विनोदाची एक मर्यादा आहे आणि तिचा उल्लेख टाळणे प्रशंसकांना सोयीचे झाले आहे. अमीरींजवळ मोटार आहे, उत्तम इंग्रजी आहे, परदेशी मित्र आहेत. सैनिकाशी हुज्जत घालण्याची किंमत त्यांना काही तास पडते. पहाटे तीन वाजता नाक्याच्या लोखंडी पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या मजुराला त्याच हुज्जतीची किंमत रोजगार गमावून द्यावी लागेल. काही प्रकरणांत प्रसंग हशावर इतका नेमका संपतो की त्या हशाच्या पलीकडे रांगेत कोण उभे आहे, हे वाचक विसरतो. या दृष्टीने २०१० साली प्रसिद्ध झालेले 'नथिंग टू लूज बट युअर लाइफ' हे पुस्तक कमी गाजले असले तरी अधिक मोलाचे वाटते. त्यात अमीरी पुरुषवेश करून, परवाना नसलेल्या मजुरांबरोबर अठरा तासांच्या प्रवासाला निघतात. विनोदबुद्धी शाबूत आहे. पण येथे तिच्यावर थकवा, भीती आणि अंधार यांचा अंमल आहे. स्वतःला सुचलेला शेरा मजुरांना परवडणारा नाही, याची जाणीव निवेदनातच उतरते. पहिल्या पुस्तकाने व्यवस्थेचे वेडेपण दाखवले. दुसऱ्याने त्या वेडेपणाची किंमत वर्गानुसार कशी बदलते, हे दाखवले.

शिब्ली : वाक्यरचनेत शिरलेला नाका

अदानिया शिब्ली यांची 'गौण तपशील' ही कादंबरी २०१७ साली अरबीत आणि २०२० साली एलिझाबेथ जॅकेट यांच्या इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झाली. पहिला भाग ऑगस्ट १९४९ मध्ये नेगेव्ह वाळवंटात घडतो. इस्रायली सैनिकांची तुकडी एका बदावी मुलीला पकडते, तिच्यावर बलात्कार करते आणि तिला ठार मारते. निवेदन तृतीयपुरुषी, थंड, दैनंदिनीसारखे आहे. दुसऱ्या भागात रामल्लातील एक निनावी स्त्री या घटनेविषयी वृत्तपत्रात वाचते. घटनेची तारीख आपल्या जन्माच्या बरोबर पंचवीस वर्षे आधीची आहे, या 'गौण' तपशिलाने ती अस्वस्थ होते आणि शोधाला निघते.

निघणे म्हणजे काय, हे सांगण्यात दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा खर्च होतो. हिरव्या ओळखपत्रावर तिला जाता येणार नाही. म्हणून सहकारी स्त्रीचे निळे ओळखपत्र उसने घ्यावे लागते. पिवळ्या पाटीची भाड्याची मोटार दुसऱ्याच्या नावावर मिळवावी लागते. शेजारच्या आसनावर वेगवेगळे नकाशे असतात : एकावर इस्रायली वसाहती व रस्ते, दुसऱ्यावर १९४८ पूर्वीची गावे. निवेदिकेला सीमा ओळखता येत नाहीत. कोठे थांबावे आणि कोठे ओलांडावे याचा तिला अंदाज येत नाही, असे ती स्वतःच सांगते. हा दोष तिच्या वाक्यांतही आहे. वाक्ये लांबतात, अडखळतात, स्वतःलाच दुरुस्त करतात, आणि नाका जवळ येताच अधिकच लांबतात. भीतीचे वर्णन करणारे विशेषण शिब्ली जवळपास वापरत नाहीत; भीती वाक्यरचनेत उतरते. नाक्यावर घेतलेले च्युइंग गम हा असाच एक किरकोळ तपशील. अखेरीस लष्करी क्षेत्राजवळ सैनिकांसमोर निवेदिकेचा हात खिशातल्या त्या गमकडे जातो आणि गोळी सुटते. प्रथमपुरुषी निवेदन जेथे तुटते, तेथेच पुस्तक संपते.

कनफानींच्या कथेत कारकुनाच्या थट्टेने शेवट ठरवला. शिब्लींच्या कादंबरीत एका हालचालीच्या सैनिकी अर्थाने. शेवट ठरवण्याचा अधिकार पात्राच्या हाती नाही, हे दोघांनीही रूपबंधातच सिद्ध केले आहे. या चार लेखकांत शिब्ली यांना सर्वांत वरचे स्थान द्यावेसे वाटते, ते या कारणासाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रँकफर्ट पुस्तकमेळ्यात या कादंबरीला द्यावयाच्या जर्मन पारितोषिकाचा समारंभ पुढे ढकलण्यात आला. गौण तपशिलांना सभागृहात प्रवेश मिळतोच असे नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

सुरक्षेचा युक्तिवाद आणि वसाहतीचा वारसा

या साहित्याचे वाचन करताना प्रतिपक्षाचा युक्तिवाद टाळता येणार नाही. दुसऱ्या इंतिफादाच्या काळात (२०००-२००५) बसगाड्या, उपाहारगृहे आणि बाजारपेठांतील आत्मघाती हल्ल्यांत शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. नाके आणि भिंत यांचे समर्थन याच अनुभवातून केले जाते आणि त्यामागील भय खरे आहे. वर चर्चिलेल्या चारही लेखकांनी या भयाला फारशी जागा दिलेली नाही, ही त्यांच्या दृष्टिक्षेपाची मर्यादा म्हणून नोंदवणे न्याय्य होईल. तरीही दोन गोष्टी या युक्तिवादात बसत नाहीत. एक, अनेक अडथळे इस्रायलच्या सीमेवर नसून एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावात जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. दोन, अमीरींच्या दुसऱ्या पुस्तकातील मजूर ज्या फटींतून जातात, त्या फटी सर्वांना ठाऊक असतात. स्वस्त श्रमाची गरज असेपर्यंत त्या बुजवल्या जात नाहीत.

इस्रायली समाजशास्त्रज्ञ व वकील याएल बेर्दा यांनी 'लिव्हिंग इमर्जन्सी' (२०१७) या ग्रंथात परवाना-व्यवस्थेचे विश्लेषण केले आहे. नियम जाहीर नसणे, नकाराचे कारण न सांगणे, 'सुरक्षेच्या दृष्टीने प्रतिबंधित' असा शेरा अकस्मात येणे आणि तो काढून घेण्याच्या बदल्यात खबऱ्या होण्याची अपेक्षा व्यक्त होणे, या गोष्टी कारभारातील ढिसाळपणा नसून नियंत्रणाची पद्धती ठरतात, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. याच अभ्यासकाने नंतरच्या ग्रंथात (२०२२) इस्रायल, सायप्रस आणि भारत यांची तुलना करून या व्यवस्थेची मुळे ब्रिटिश वसाहतवादी नोकरशाहीत शोधली आहेत. ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमध्ये १९४५ साली लागू केलेले आणीबाणीचे नियम पुढे इस्रायलनेही वापरात ठेवले.

येथे मराठी अभ्यासकाचा या विषयाशी थेट संबंध येतो. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने महाराष्ट्रातील अनेक जमातींना पोलिसांकडे हजेरी देणे आणि गावाबाहेर जाण्यासाठी पास घेणे सक्तीचे केले होते. १९५२ साली कायदा रद्द झाला. शिक्का मात्र माणसांवर राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचलेल्या प्राध्यापकाला याचे विवेचन वेगळे करण्याची गरज नाही. दोन्ही परिस्थिती एकसारख्या आहेत, असा दावा येथे नाही. एका बाजूला परकीय लष्करी ताबा आहे, दुसऱ्या बाजूला जातिव्यवस्थेशी जुळलेला वसाहती कायदा. परंतु जन्मावरून संशयित ठरवणे आणि त्या संशयाचे रूपांतर कागदात करणे, हे तंत्र मात्र एकाच शासनपरंपरेतून आले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. पहिला, पॅलेस्टिनी गद्यातील परवाना हा विषय १९६७ पेक्षा जुना आहे आणि त्याचा संबंध केवळ इस्रायलशी नसून राष्ट्रहीनतेच्या आधुनिक अनुभवाशी आहे. दुसरा, चारही लेखकांत हिरावून घेतलेल्या वेळेची जाणीव भूमीच्या जाणिवेइतकीच तीव्र आहे. मिनिटे मोजणारे कथन, प्रतीक्षेतून उगवणारे चिंतन, संचारबंदीत लिहिलेली दैनंदिनी आणि लांबत जाणारे वाक्य, ही या जाणिवेची चार रूपे होत. तिसरा, विनोद आणि संयम या गुणांचे मूल्यमापन करताना ते कोणत्या सामाजिक स्थानावरून आले, हे पाहणे आवश्यक आहे.

'प्रतिकाराचे साहित्य' ही संज्ञा टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. तिची व्याप्ती मात्र वाढवावी लागेल. ऑक्टोबर २०२३ नंतर पश्चिम किनाऱ्यातील लाखाहून अधिक मजुरांचे परवाने एका निर्णयाने निष्प्रभ झाले. त्यांच्या घरांतील त्यानंतरच्या महिन्यांचा इतिहास बातमीत एका वाक्यात मावतो. ते वाक्य उलगडून त्यातली माणसे, रांगा आणि तास वाचकासमोर ठेवणे हे काम या लेखकांनी केले आहे. आपल्या वर्गात या कृती शिकवताना विद्यार्थ्याला शेवटी कोण जिंकले, हे विचारण्याऐवजी पात्राला त्या दिवशी किती वेळ थांबावे लागले आणि त्या वेळेत त्याच्या हातून काय निसटले, हे विचारले, तर या साहित्याच्या अधिक जवळ जाता येईल.